दात्याच्या पेशी आणि दुखावलेले हृदय

बोट कापले तर कातडी भरून येते. हृदयाचे तसे नाही. हृदयाला रक्त पुरविणारी एखादी धमनी गुठळीने बंद झाली, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू काही तासांतच मरू लागतो. मोठ्या झटक्यात सुमारे शंभर कोटी पेशी नाहीशा होऊ शकतात. त्यांची भरपाई फार संथ : पंचविशीत वर्षाला शेकडा एक, उतारवयात त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून तेथे स्नायूऐवजी व्रण धरतो. तो आकुंचन पावत नाही. चार गड्यांचे ओझे तिघांवर पडावे, तसा उरलेला स्नायू राबतो व थकतो.

मग ही तूट दुसऱ्याच्या शरीरातून का भरू नये? परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली दात्याचे अख्खे हृदय बसविले. रोगी काही तासच जगला. पुढे, शरीर परक्या अवयवावर करते तो हल्ला आवरणारी औषधे सुधारली, आणि २०१५ साली मुलुंडला असे रोपण यशस्वी झाले. पण गरजू फार आणि हृदये थोडी; म्हणून शास्त्रज्ञ पेशींकडे वळले.

त्यात दोन वाटा आहेत. पहिली, दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी हृदयात टोचण्याची. त्या स्वतः स्नायू बनत नाहीत. दाह शमविणारी द्रव्ये सोडतात. पाचशेहून अधिक रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष २०२३ साली आला : दुबळ्या हृदयापायी पुन्हापुन्हा रुग्णालयात जाणे त्यांनी कमी झाले नाही. दुसरी वाट, प्रयोगशाळेत मूलपेशींपासून धडधडणारा स्नायू तयार करून त्याचे ठिगळ हृदयाला लावण्याची. जर्मनीत माकडांनंतर माणसांवर हा प्रयोग सुरू झाला आहे. मात्र परकेपणा आवरणारी औषधे येथेही लागतात, आणि नव्या-जुन्या स्नायूंचा ताल न जुळल्यास ठोके बिघडण्याचे भय असते.

अंधेरीच्या कारखान्यांत वावरणाऱ्या आम्हांस हे सांगणे अगत्याचे वाटते. मूलपेशींच्या नावाने कोणी हृदय नवे करून देतो म्हणाला, तर फंडातील पैसे काढण्यापूर्वी विचारावे : ही मंजूर चाचणी आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयासाठी हा उपचार केवळ चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात.

आज खात्रीचा उपाय आपल्याच पेशी वाचविण्याचा आहे. छातीत दडपण, हातात कळ, थंड घाम असे काही जाणवले, तर पाळी संपण्याची वाट पाहू नये. धमनी जितक्या लवकर उघडेल, तितका स्नायू वाचेल.