दुभाष्याच्या तोंडून किती पिढ्या बोलायचे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. चार वाजायच्या आत जमीन हादरली आणि लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आमच्या जिल्ह्यातले सास्तूर आणि आजूबाजूची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. वाचलेली पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. सास्तूर पुढे नव्या जागेवर वसले. त्या शेडच्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

मदतीसाठी आलेल्या लोकांत एक गोरा माणूस होता. वही-पेन घेऊन तो आमच्या शेडपाशी आला. सोबत शहरातला एक दुभाष्या होता. गोऱ्याने माझ्या मायला काहीतरी विचारले. माय बोलायला लागली. भिंत कशी कोसळली, कोण कुठे सापडले, कोण सापडलेच नाही, धान्यवाटपाच्या रांगेत आमच्या वस्तीला मागे का उभे केले, सारे सांगितले. माय पाव तास बोलली. दुभाष्याने दोन वाक्ये सांगितली. गोऱ्याने मान हलवली, वहीत लिहिले आणि दोघे पुढच्या शेडकडे गेले.

मायने मला विचारले, ‘‘त्यानं काय सांगितलं रे?’’ मला उत्तर देता आले नाही. मी तेव्हा मॅट्रिकपर्यंत शिकलेला होतो. पण ती दोन वाक्ये मलाही कळली नव्हती.

तसा आमच्या घराला दुभाष्या नवा नव्हता. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू. आजोबांना अर्ज करायचा तर तो दुसऱ्याने उर्दूत लिहायचा आणि आजोबांनी अंगठा उठवायचा. वडिलांच्या काळात कचेरी मराठी झाली, पण तीही पुस्तकी मराठी. अर्ज पुन्हा दुसऱ्यानेच लिहिला. आणि १९९३ साली इंग्रजी आली. भाषा दोनदा बदलली. आमचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून सांगण्याची पद्धत मात्र बदलली नाही. ज्यांना हजारो वर्षे अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांच्या वतीने नेहमीच कोणीतरी दुसरा बोलत आला. तो काय बोलला, हे तपासण्याचे साधनही आपल्याजवळ नव्हते.

हे सर्व आज आठवण्याचे कारण म्हणजे माझी भाची. आजोळी, सास्तूरलाच वाढलेली ही मुलगी सध्या इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकते आहे. विषय आहे भाषाशास्त्र. नात्यातल्या अनेकांनी विचारले, ‘‘एवढ्या लांब जाऊन भाषाच शिकायची होय? डॉक्टरकी तरी करायची.’’ समाजबांधवांच्या मनातही हा प्रश्न येईल. म्हणून तिचे तिथले रोजचे जगणे सांगतो. ते ऐकले की उत्तर आपोआप मिळेल.

पहिला महिना तिला बसचालकाचे बोलणे कळत नव्हते. इंग्रजी तिला येत होती, पण पुस्तकातली. दुकानदारीण म्हणायची, ‘‘यू ऑलराइट?’’ हिला वाटायचे, आपला चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो की काय! आठ दिवसांनी कळले की तो त्यांचा नुसता नमस्कार आहे, उत्तर द्यायचे नसते. ‘चीअर्स’ म्हणजे आभार. ‘टी’ला बोलावले म्हणजे चहाला नव्हे, संध्याकाळच्या जेवणाला. त्या भागातले लोक बसला ‘बुस’ म्हणतात. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. खोलीत बसून ती ज्वारीच्या पिठाची भाकरी थापते, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुरवून पुरवून खाते आणि वाचत बसते. आठवड्याला वाचायला दिलेले लेख इतके, की पहिल्या सहामाहीत ती एकेक पान शब्दकोश घेऊन तीन-तीनदा वाचायची. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. तेवढे काम ती एका दुकानात करते. ती सांगते, ‘‘मामा, वर्गापेक्षा दुकानातच जास्त इंग्रजी शिकले बगा.’’

जातही विमानात बसून तिकडे पोहोचली आहे. खोली शोधताना भारतीय मुलींनीच आधी आडनाव विचारले, मग गाव, मग ‘नॉनव्हेज शिजवणार का?’ असा प्रश्न आला. हिने तिन्ही उत्तरे सरळ दिली आणि खोली दुसरीकडे घेतली. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याची तरतूद २०१३ साली संसदेने केली होती. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसे न करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे सातासमुद्रापार गेल्यावरही ही लढाई संपत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

पण तिने फोनवर सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. इकडे शाळेत असताना ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणायची. गुरुजी तिला उभे करून दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावायचे आणि वर्ग हसायचा. ‘अशुद्ध’ हा शब्द तिने भाषेसाठीही ऐकला आणि वस्तीसाठीही. तिकडे भाषाशास्त्राच्या पहिल्याच धड्यात तिला शिकवले गेले की कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रत्येक बोलीला नियम असतात, व्याकरण असते. जिच्यामागे सत्ता असते तिला लोक प्रमाणभाषा म्हणतात, बाकीच्यांना अशुद्ध म्हणतात. ‘बुस’ म्हणणाऱ्यांनाही लंडनवाले हसत आले आहेत. तिने विचारले, ‘‘मामा, मग आजीचं बोलणं कधी चुकलेलंच नव्हतं की?’’ मी म्हणालो, ‘‘नव्हतं बाई.’’ पुढे मला बोलता आले नाही.

बांधवांनो, याच देशात शंभर वर्षांपूर्वी आपला एक विद्यार्थी भाषेच्या बळावर लढत होता. बाबासाहेबांना आपण अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, घटनाकार म्हणून ओळखतो. ते आयुष्यभर भाषेचेही विद्यार्थी होते, ही बाब आपण पुरेशी लक्षात घेत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. इंग्रजी पक्की व्हावी म्हणून सुभेदार रामजींनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घोटून घेतल्या. बाबासाहेबांची इंग्रजी आकाशातून पडलेली नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बापाने मुलाला पहाटे उठवून ती कमावून घेतली आहे.

१९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके जहाज बुडाल्याने समुद्रात गेली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. तिथला त्यांचा दिवस चरित्रकारांनी लिहून ठेवला आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला पैसाही नाही आणि वेळही नाही. तिथून इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय. रात्री कपभर बोव्हरिल, एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड, आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. १९२१ मध्ये एम.एस्सी., पुढे ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. याच धावपळीत १९२१ साली त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले, आणि त्यासाठी अर्ज केला तो जर्मन भाषेत. तिथे संस्कृत शिकण्याचाही त्यांचा बेत होता. मुंबईच्या शाळेत जी भाषा नाकारली, ती शिकण्यासाठी त्यांना जर्मनीचे दार ठोठवावे लागत होते! मनुवादी व्यवस्थेवर यापेक्षा मोठा आरोप तो कोणता?

आणखी एक योगायोग पाहा. बाबासाहेब लंडनला शिकत होते त्याच काळात, १९२१ ते १९२५ दरम्यान, पाली टेक्स्ट सोसायटीने इंग्लंडमधून पाली-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. बुद्धाच्या वचनांची भाषा आपल्याकडे विसरली गेली होती आणि तिकडे तिचा कोश होत होता. पुढे बाबासाहेबांनी स्वतः पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशाचे काम केले. ते १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापले गेले. राज्यकारभार, संविधानसभा आणि चळवळ सांभाळून हा माणूस शब्दांचे अर्थ लावत बसत होता.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर त्याच लंडनमध्ये १९३० च्या नोव्हेंबरात मिळाले. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन हे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. ज्या शहरात अर्धपोटी राहून पुस्तके वाचली, त्याच शहरात सात वर्षांनी बाबासाहेबांनी ब्रिटिश पंतप्रधानांसमोर ब्रिटिश राज्याचाच हिशेब मागितला. दीडशे वर्षांत तुम्ही आमच्यासाठी काय केले, असा त्या भाषणाचा रोख होता. मध्ये दुभाष्या नव्हता. आमच्या वतीने आम्ही बोलतो असे सांगणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते. पण कोट्यवधी मुक्या माणसांचे म्हणणे त्या दिवशी त्यांच्याच माणसाने, एक शब्दही न गाळता, जगापुढे मांडले. आणि इंग्रजीत बोलणारा हा माणूस मराठी विसरला नव्हता. १९२० मध्ये लंडनला जाण्यापूर्वी ‘मूकनायक’ आणि परतल्यावर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ त्यांनी मराठीतच काढला. परकी भाषा घेणे म्हणजे आपली टाकणे नव्हे, हा यातला धडा आहे.

आता आजचे पाहू. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. पण २०२२ साली केंद्राने त्यात अट घातली की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा समाजव्यवस्था या विषयांवर शिकायचे असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. जातीवर अभ्यास करायला जातीचे चटके सोसलेल्याने परदेशात जायचे नाही, असाच याचा अर्थ झाला! म्हणजे आमच्याबद्दल पुन्हा दुसऱ्यानेच बोलायचे. ही अट दुभाष्याला परत बोलावणारी आहे. तिचा निषेध करायलाच हवा.

परंतु निषेधाने अर्धेच काम होते. दुसरे दार भाषेचे आहे. इंग्लंडच्या विद्यापीठात जायचे तर बहुतेकांना आयईएलटीएस ही परीक्षा द्यावी लागते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग. नऊपैकी साडेसहा-सात गुण बहुतेक ठिकाणी लागतात. परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य. पुण्या-मुंबईच्या मुलाला यासाठी क्लास दारात मिळतो. सास्तूर, लोहारा, उमरग्याच्या मुलामुलीने काय करायचे? बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर कानावर कधी इंग्रजी पडलीच नाही म्हणून आपली हुशार लेकरे अर्ज करण्याआधीच माघार घेतात. ‘आपल्याला नाही जमायचं’ हे वाक्य व्यवस्थेने त्यांच्या तोंडी बसवले आहे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या हातात आहे. गावोगावी बुद्धविहारे उभी आहेत. वंदना झाल्यावर रोज एक तास तिथे इंग्रजीचा वर्ग का भरू नये? एक मुलगा वर्तमानपत्रातला उतारा मोठ्याने वाचील, बाकीचे ऐकतील. तालुक्यातला निवृत्त शिक्षक महिन्यातून दोन रविवार येईल. फोनवर चित्रपट बघतो त्याच फोनवर इंग्रजी बातम्या ऐकता येतात. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चाचा एक हिस्सा काढला तर गावातल्या एका विद्यार्थ्याच्या परीक्षेची फी सहज भरेल. शासनाकडे मागणीही करावी की शिष्यवृत्तीच्या जाहिरातीआधी वर्षभर, तालुक्याच्या ठिकाणी, भाषेची मोफत तयारी झाली पाहिजे. सुभेदार रामजींनी एका मुलासाठी जे केले, ते समाजाने सर्व मुलांसाठी केले पाहिजे.

शेवटी भाचीचे आणखी एक सांगतो. तिच्या प्रबंधाचा विषय सास्तूरची बोली आहे. त्यासाठी ती दर रविवारी फोन करून आजीला बोलते करते आणि ते ध्वनिमुद्रित करून घेते. मागच्या महिन्यात मायने तिला भूकंपाची हकीकत सांगितली. या खेपेला पाऊण तास. भिंत, ढिगारा, धान्याची रांग, सारे. ती मुलगी आता त्यातले वाक्यन् वाक्य इंग्रजीत लिहिते आहे. मायने मला विचारले, ‘‘ही तरी समदं सांगंल का रे?’’

मी म्हणालो, ‘‘सांगंल माय, समदं सांगंल.’’

आपल्या प्रत्येक गावात अशी एक माय आहे. तिचे सारे म्हणणे जगाला सांगणारे लेकरू तिच्याच घरातून तयार झाले पाहिजे. जयभीम!