शंकरपटाचे नियम कसे ठरले

शर्यत हा शब्द उच्चारताच शहरवासी गृहस्थाच्या डोळ्यांपुढे घोडे अथवा मोटारी उभ्या राहतात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात मात्र शर्यत म्हणजे बैलांचा शंकरपट. धान कापून मळून झाले, बांध्या कोरड्या पडल्या, की पौष-माघाच्या सुमारास गावोगाव पट भरतात. दिवसा बैल धावतात आणि रात्री त्याच गर्दीपुढे झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. यात पोटासाठी धावणारा कोणी नसतो. बैल स्वतःचे, पेंड स्वतःची, आणि हौसही स्वतःचीच. अशा हौशी खेळाचे नियम सुचवितो कोण, त्यांवर वाद कोठे होतो आणि त्यांना मान्यता कोण देतो, हे आज सांगावयाचे योजिले आहे.

पुष्कळ वर्षे या प्रश्नाचे उत्तर अगदी सोपे होते. गावातील चार जाणती माणसे पटाच्या आधी एकत्र बसत व जे ठरवीत तो नियम. विदर्भात कोठे दोन जोड्या बरोबर सोडतात, कोठे एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंद मोजतात. अलिबागकडे तर गाड्या समुद्रकाठच्या वाळूत धावतात. जितके मुलूख तितके नियम. परंतु या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. एका बैलवाल्याने दुसऱ्या बैलवाल्यास फसवू नये, एवढाच त्यांचा हेतू असे. अठराव्या शतकात इंग्लंडातील न्यूमार्केटच्या माळावर जॉकी क्लबाने घोड्यांच्या शर्यतीचे नियम केले, तेव्हाही ते घोडेमालकांच्या आपसांतील तंट्यांसाठीच होते. जो प्राणी धावतो त्याच्या वतीने बोलणारे कोणी त्या बैठकीत नसे.

आपल्याकडे असा बोलणारा कायद्याने निर्माण केला. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आपले विधेयक मांडले, सरकारने त्या विषयावर स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिले, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याअन्वये १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले व रुक्मिणीदेवीच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कायद्याची झळ पटाला बसावयास मात्र अर्धे शतक लागले. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांना शिकवून खेळ करविण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती एकाच निकालाने बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, मारझोडीच्या व वेदनेच्या भयानेच तो पळतो, असे न्यायालयास दिसून आले.

येथे नागरिकशास्त्राचा एक लहानसा धडा देण्याचा मोह शिक्षकाला आवरत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. परंतु राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावाचून तो त्या राज्यात टिकत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये दुरुस्ती विधेयक एकमताने संमत केले व त्यास पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली. बैलास वेदना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी शिक्षा त्यात आहे. एकमत झाले याचे कौतुक पुष्कळांनी केले. मला मात्र ज्या सभागृहात कोणीच विरोध करीत नाही, तेथे विषयाची दुसरी बाजू पुरती ऐकली गेली काय, अशी शंका येते.

कायदा झाला तरी पट सुरू झाला नाही. कायदा केवळ अधिकार देतो, बारीकसारीक अटी नियमांत लिहावयाच्या असतात. नियम झाल्याखेरीज शर्यतीस परवानगी देऊ नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. त्याच वर्षी नियम झाले. शर्यत भरविणाऱ्याने १५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा व ५०,००० रुपयांची हमी ठेवावी, अंतर १००० मीटरांहून अधिक नसावे, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा अधिक शर्यतींत जुंपू नये, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घेऊ नये, पशुवैद्यकाने बैल तपासलेला असावा, आणि हाकणाऱ्याच्या हाती काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे कोणतेही साधन नसावे.

या शेवटच्या अटीत सगळा वाद सामावलेला आहे. आमच्याकडे टोकाला आर लावलेल्या काठीला तुतारी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हाकणाऱ्याचा हात आणि तुतारी यांची जोडी फुटलेली नव्हती, आणि ती टाकून द्या असे कोणत्याही गावच्या पंचांनी आपण होऊन सुचविले नसते. शहरातील लोकांनी आमच्या खेळात उगीच तोंड घातले, असे म्हणणाऱ्या माझ्या गावकरी मित्रांना हे मान्य होत नाही, पण त्यास माझा इलाज नाही. उलट ५०,००० रुपयांची अट मुंबईत बसणाऱ्यास किरकोळ वाटली, तरी कोरची-कुरखेड्याकडील लहान गावाला ती सबंध पटाच्या वर्गणीएवढी भारी पडू शकते, हेही तितकेच खरे.

नियम होऊनही ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी उठविली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविण्यात आला. मधल्या वर्षांत पटाच्या जोड्या गोठ्यात उभ्या राहिल्या. जो बैल शेतीला जुंपत नाहीत आणि ज्याला पळविताही येत नाही, त्याला पोसावयाचे कसे, हा प्रश्न बैलवाल्यापुढे होता, आणि तो खोटा नव्हता. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या नियमांचे पालन करून शर्यती घेण्यास मुभा दिली, व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य ठरविले. असा खेळ हा संस्कृतीचा भाग आहे किंवा नाही, हे ठरविणे विधिमंडळाचे काम होय, असे न्यायालयाने म्हटले. त्याबरोबरच हे नियम काटेकोरपणे पाळले जातात किंवा नाही, याची जबाबदारी त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली.

तेव्हा आता चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात पट भरवावयाचा, तर पंचांच्या बैठकीआधी अर्ज लिहावा लागतो. शर्यतीचे चित्रीकरण करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. हे चित्रण तेथे कोणी लक्षपूर्वक पाहतो काय, एवढे मात्र नियमात लिहिलेले नाही.