बसायचं कशावर, बॉस?

ऑफिसच्या खुर्चीत तासाभरात तुम्ही किती वेळा हलता, कधी मोजलंय? नसेलच! पायावर पाय टाकणं, एका बाजूला रेलणं, उगाचच चहाला उठणं... हे सगळं शरीर आपल्याला न विचारता करून टाकतं. बुडाला रग लागली की मेंदूला मेसेज जातो आणि आपण हलतो. विषय संपला.

मणक्याला इजा झालेल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हा मेसेज पोचतच नाही. बसण्याची दोन हाडं आणि खुर्ची यांच्यामध्ये कातडी चेपत राहते, बारीक रक्तवाहिन्यांतला रक्तपुरवठा तुटतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. त्यातून होते ती दाबजखम, म्हणजे प्रेशर सोअर. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. पडद्यावरचा सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह आठवतोय? १९९५ साली घोड्यावरून पडून त्याला पक्षाघात झाला. ऑक्टोबर २००४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्यावर अशाच एका चिघळलेल्या जखमेसाठी उपचार चालू होते.

म्हणूनच व्हीलचेअरवरचं कुशन ही 'जरा मऊ वाटावं' म्हणून घ्यायची गोष्ट नाही. आपल्या पुण्यात खडकीला १९७४ पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, त्यामुळे हा विषय या शहराला नवा नाही. पण हिंजवडीत नऊ तासांची शिफ्ट करणाऱ्या व्हीलचेअरवरच्या इंजिनिअरने नेमकं काय घ्यावं, हे सांगणारं कोणी सहज भेटत नाही. (हो, आयटी पार्कचा तालुका मुळशीच!)

फोम, जेल की हवा?

आधी एक गोष्ट बाद करू. औषधांच्या दुकानात मिळणारी ती मधे भोक असलेली गोल रिंग. स्वस्त आहे, सगळे सुचवतात, पण नकोच. मधला दाब कमी झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो कडेवर गोळा होतो आणि मधल्या भागातलं रक्त अडकतं.

फोम हलका, स्वस्त आणि बसायला स्थिर. पण तो दमतो! काही महिन्यांत मधोमध चेपतो आणि पुन्हा वर येत नाही. शिवाय मुळशीचा पाऊस. एकदा आत पाणी गेलं की जुलैत फोम वाळतो कुठे? आणि ओलसर कातडी लवकर सोलवटते. वॉटरप्रूफ आवरण मस्टच.

जेल हाडांभोवती छान पसरतं, सुरुवातीला गारही लागतं. पण जड असतं, गाडीत चेअर उचलून ठेवणाऱ्याला विचारा! बसून बसून जेल बाजूला सरकतं, तेव्हा रोज हाताने मळून जागेवर आणायचं. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलंत तर त्यावर बसण्याआधी हात लावून बघाच, कारण चटका बसला तरी कळणार नाही.

हवेच्या कप्प्यांचं कुशन अमेरिकन इंजिनिअर रॉबर्ट ग्रेब यांनी १९७० च्या दशकात आणलं, ते 'रोहो' नावाने ओळखलं जातं. दाब वाटून घेण्यात ते सॉलिड. एकमेकांना जोडलेल्या कप्प्यांतून हवा फिरते आणि कुशन शरीराचा आकार घेतं. पण पंक्चर होतं, किंमत पाच आकडी, आणि धडाचा तोल कच्चा असेल तर डगमगायला होतं. टेबलावरची फाईल घेताना माणूस पुढे कलंडला, तर त्या दाब वाटण्याचं काय लोणचं घालायचं?

माझं मत विचाराल, तर ज्याला आधी जखम होऊन गेलीय त्याने हवेचा विचार पहिल्यांदा करावा. ज्याचा तोल डळमळीत आहे आणि हवा तपासायला घरी कोणी नाही, त्याला चांगला साच्याचा फोम जास्त सेफ. मात्र शेवटचा शब्द ऑक्युपेशनल थेरपिस्टचा. सीटिंग क्लिनिकमध्ये सेन्सरच्या चादरीवर बसवून दाबाचा रंगीत नकाशा काढता येतो, तो जरूर मागा.

घाट उतरलात? हवा तपासा!

हवेच्या कुशनचा फंडा असा: जास्त हवा भरली की ते चेंडूसारखं टणक होतं, कमी भरली की हाड थेट खाली टेकतं. बसल्यावर हाताचा तळवा खाली सरकवायचा. सगळ्यात खालचं हाड आणि कुशनचा तळ यांत साधारण अर्धा ते एक इंच अंतर हवं.

आता वीकेंडचा प्लॅन बघा. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेलात, की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि कुशनमधली हवा आकसते. म्हणजे सकाळी घरी परफेक्ट असलेलं कुशन समुद्रावर पोचेपर्यंत बसलेलं! परत वर आलात की उलटं. घाटाच्या दोन्ही टोकांना हात घालून बघायचा, दोन मिनिटांचं काम.

चार इंची कुशन टाकलं की माणूस वर उचलला जातो, हेही दुकानात कोणी सांगत नाही. पावलं फूटरेस्टवरून लोंबकळतात, गुडघे डेस्कला आपटतात, ब्रेक गाठायला वाकावं लागतं. तेव्हा कुशनसोबत फूटरेस्टही सेट करून घ्यायचा. तळाला वेल्क्रो किंवा न घसरणारं कापड हवं, नाहीतर खुर्चीतून गाडीत जाताना कुशनच आधी निघून जायचं. आणि जाड शिवणीची जीन्स, मागच्या खिशातलं पाकीट? त्या शिवणीचा दाब सगळ्यात महागड्या कुशनलाही भारी पडतो.

कुशन कितीही भारी असलं तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून वजन हलकं करावंच लागतं, चांगलं मिनिट-दोन मिनिटं. मोबाईलला व्हायब्रेशन लावा. मीटिंगमध्ये कोणी बघेल म्हणून टाळू नका. टीममेट्सनो, तुम्हीही बघत बसू नका! डेस्कची उंची बदलून हवी असेल तर एचआरला लेखी मेल टाका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण बंधनकारक केलंय.

आणि रोज रात्री आरशाने किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने कातडी बघायची. आपल्या सावळ्या रंगावर लालसरपणा चटकन दिसत नाही, म्हणून बोटाने चाचपायचं. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळपट डाग लागला आणि दाब काढूनही तो अर्ध्या तासात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बसायचं नाही. सुट्टी टाका आणि डॉक्टरला फोन लावा.