बबलगम : फुगा, डिंक आणि चिकूचा चीक

बबलगम लहानपणी जवळजवळ सगळ्यांनीच फुगवलेलं असतं, पण त्याच्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी मोठेपणीही सुटत नाहीत. त्या एकदा तपासून घेऊ.

गैरसमज : बबलगम आणि च्युइंगगम एकच.
वस्तुस्थिती : ‘बबल’ म्हणजे बुडबुडा आणि ‘गम’ म्हणजे डिंक. ‘गम’ हा शब्द ग्रीक ‘कोम्मी’पासून लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करत इंग्रजीत आला. च्युइंगगम नुसतं चघळायचं असतं. बबलगमचा लगदा मात्र पातळ पापुद्र्याइतका ताणला गेला पाहिजे आणि फुगा फुटल्यावर ओठांना फारसा चिकटता कामा नये.

गैरसमज : गुलाबी रंग मुलांना भुलवण्यासाठी निवडला.
वस्तुस्थिती : फिलाडेल्फियाच्या फ्रँक फ्लीअरनं १९०६ मध्ये ‘ब्लिबर-ब्लबर’ बनवलं, पण ते इतकं चिकट होतं की बाजारात आलंच नाही. १९२८ मध्ये त्याच्याच कंपनीतले हिशेबनीस वॉल्टर डीमर यांना हवं तसं मिश्रण साधलं. त्या वेळी हाताशी खाण्याचा एकच रंग होता, गुलाबी. तोच त्यांनी घातला. ‘डबल बबल’ या नावानं ते एका सेंटला विकलं जाऊ लागलं.

गैरसमज : चिकू हे नाव आपल्या ‘चीक’वरून पडलं.
वस्तुस्थिती : कच्चा चिकू देठापासून खुडला की पांढरा चीक ओघळतो आणि बोटं चिकट होतात, त्यामुळे हे सहज पटतं. पण हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत या चिकाला ‘त्झिक्तली’ म्हणत. त्याचं स्पॅनिशमध्ये ‘चिकले’ झालं, आणि ‘चिकोसापोते’ या फळाच्या नावातून आपला ‘चिकू’ आला. याच चिकापासून अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात च्युइंगगम बनू लागलं. डहाणू-घोलवडच्या बागांतलं झाड त्याच जातीचं आहे. आज मात्र बहुतेक गममध्ये कृत्रिम बहुवारिकं असतात.

गैरसमज : गिळलेलं गम सात वर्षं पोटात राहतं, आतडी चिकटतात.
वस्तुस्थिती : गमचा मूळ लगदा पचत नाही हे खरं. पण चुकून गिळलेला एखादा तुकडा काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो. लहान मुलानं वरचेवर बरंच गम गिळलं, तर मात्र आतड्यात अडथळा होऊ शकतो.

म्हणून मुलांना खोटी भीती घालू नका. चघळून झालं की कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायला शिकवा.