मांजराला रोज ॲसिडिटीची गोळी?

भूम-परांड्याकडे दूध-खव्याचा धंदा मोठा, आणि ज्वारीच्या पोत्यांना उंदरांचा त्रासही तेवढाच. तेव्हा दारी मांजर हवेच. ते वरचेवर ओकू लागले, की आजोबांच्या ॲसिडिटीच्या गोळीचा तुकडा त्याला दिला जातो. दोन दिवस उतार वाटतो आणि मग ती गोळी महिनोन्‌महिने चालते.

पोटात खरोखर जखम असेल तर ही औषधे गुणकारी आहेत. पण म्हाताऱ्या मांजराच्या ओकाऱ्या पुष्कळदा मूत्रपिंडाच्या दुखण्याने होतात. अशा मांजरांच्या पोटात आम्ल वाढते असे पूर्वी समजत. तपासणीत तसे आढळले नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांनीही अशा मांजरांना ही औषधे सरसकट देऊ नयेत असेच सांगितले.

फॅमोटिडीन रोज दिली तर थोड्याच दिवसांत तिचा जोर ओसरतो. ओमेप्राझोलचा जोर टिकतो. पण तीन-चार आठवड्यांहून अधिक देऊन एकदम थांबवली, तर आम्ल उसळून वाढते. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने मात्रा हळूहळू उतरवावी. घरच्या डब्यातली पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

आधी दूध बंद करून पाहा. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, मग घर खव्यावाल्याचे का असेना! मांजर वाळत चालले, पाणी फार पिऊ लागले, ओकारीत रक्त आले किंवा शेण डांबरासारखे काळे झाले, तर त्याला पिशवीत घालून थेट जनावरांच्या दवाखान्यात न्या. कोणती गोळी किती दिवस दिली, हेही तिथे सांगा.