उताराची शाळा

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला उतार ठाऊक असतो तो फ्लायओव्हरचा. फार तर गिरगाव चौपाटीवरून सिरी रोडने मलबार हिल चढून परत खाली. ती टेकडी जेमतेम ५० मीटरची. आणि डाउनहिल हा सायकलचा खेळ ज्या उतारावर रुजला, तो कॅलिफोर्नियातला 'रिपॅक' तीन किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरात सुमारे ४०० मीटर कोसळतो. १९७६ साली तिथे शर्यती सुरू झाल्या. सायकली जुन्या, ब्रेक मागच्या हबमधले. तळाशी पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. तिथल्या शर्यतींतल्या गॅरी फिशर या सायकलपटूची विक्रमी वेळ होती ४ मिनिटं २२ सेकंद.

मग दादरच्या एखाद्याने पस्तिशीत हे सुरू करावं का? माझं उत्तर ठाम 'हो' आहे. ग्रेग मिनार २०२१ मध्ये वयाच्या ३९व्या वर्षी डाउनहिलचा जगज्जेता झाला. तो लहानपणापासून शर्यतीतला, हे खरं. पण या वयाचं शरीर हा खेळ पेलतं, एवढं त्यातून नक्की कळतं. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत तिशीपासून मास्टर्स गट आहे.

उशिरा आलेल्याची अडचण नजरेत असते. बारा वर्षांचं पोर वळणाच्या पलीकडे बघतं. आपण समोरच्या दगडाकडे बघतो, आणि सायकल जाते नजरेमागे, थेट दगडावर. दुसरी खोड ब्रेकची. घाबरून वळणात ब्रेक आवळला की चाक जाम होतं, आणि जाम झालेलं चाक वळत नाही. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात ब्रेक सैल सोडायचा. सह्याद्रीच्या कोरड्या वाटांवर मुरूम असतो. कडक जमिनीवर सांडलेल्या ज्वारीसारखा तो चाकाखालून सरकतो. तिथे वजन पायांत हवं, टाचा खाली, कोपरं बाहेर.

यातलं बरंचसं सपाट मैदानावरही घोटता येतं. पहाटे रिकाम्या मैदानात दोन खुणा ठेवा, एका बोटाने ब्रेक लावत त्यांच्यामधून वळा. आणि पडायचं शिकायचं असेल, तर आपल्या वस्तीत त्याची तालीम आहेच. थरावरून घसरणाऱ्या गोविंदाला अंग गोळा करून खाली यायचं कसं, हे पथकातली जाणती माणसं शिकवतात. सायकल घ्यायच्या आधी, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि गुडघ्याची पॅडं घेऊन, त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठा.