क्रिश ३ : घराची गोष्ट, शहराची गोष्ट
लेखमाला : पडद्यावरचे महानायक, लेखांक ९

मागच्या दोन लेखांकांत 'कोई... मिल गया' (२००३) आणि 'क्रिश' (२००६) या सिनेमांची उकल केली. आज त्या मालिकेतला तिसरा भाग. 'क्रिश ३' प्रदर्शित झाला १ नोव्हेंबर २०१३ ला, दिवाळीच्या तोंडावर. भोपाळमध्ये १ नोव्हेंबरला रोषणाईचा माहोल असतो, कारण हा मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस. १९५६ साली याच तारखेला नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं ट्रंका आणि बिछाने घेऊन इकडे उतरली. तुलसी नगर, शिवाजी नगर, टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरांत मराठी बोलणारी घरं दिसतात, त्यांतल्या अनेकांचं मूळ त्या बदलीत आहे. अशा घरांतल्या मुलांनी 'क्रिश ३' डीबी सिटी मॉलच्या पडद्यावर पाहिला आणि नंतर टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिला. मीही त्यांच्यासोबत तो बऱ्याचदा पाहिला आहे. या शहरात बसून पाहिल्याशिवाय या सिनेमाची एक बाजू दिसत नाही, आणि आजचा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आधी तिसऱ्या भागाची अडचण समजून घेऊ. पहिल्या भागात नायकाला शक्ती मिळते. दुसऱ्यात ती कशासाठी वापरायची हे त्याला कळतं. तिसऱ्यात शक्तीची किंमत मोजावी लागते. ही किंमत दाखवणं अवघड, म्हणून दिग्दर्शक खलनायकांची संख्या वाढवून वेळ मारून नेतात. २००७ च्या 'स्पायडर-मॅन ३' मध्ये तीन खलनायक आले आणि एकाचीही गोष्ट धड सांगून झाली नाही. २०१२ च्या 'द डार्क नाइट राइजेस'ला ही किंमत दाखवायची होती, म्हणून तिथला नायक सुरुवातीलाच काठी टेकत चालतो. राकेश रोशन यांच्यापुढेही हाच पेच होता. त्यांनी तो निम्मा सोडवला, आणि तो निम्मा भाग मनापासून दाद द्यावी इतका चांगला आहे.

तो भाग म्हणजे रोहित मेहरा. पहिल्या भागात हा मुलगा मतिमंद होता आणि 'जादू' नावाच्या परग्रहवासीयानं त्याला बुद्धी दिली. तिसऱ्या भागात तो म्हातारा शास्त्रज्ञ झाला आहे. कृष्णा (म्हणजेच क्रिश) आणि रोहित, मुलगा आणि बाप, दोन्ही भूमिका हृतिक रोशननं केल्या आहेत. त्यातला बाप बारकाईनं पाहा. खांदे पुढे झुकलेले, चष्म्याआडून जरा उशिरा उमटणारं हसू, वाक्य सुरू करण्याआधी घेतलेला छोटासा श्वास. पहिल्या भागातल्या त्या मुलाची चाल आणि बोलण्याची ढब या म्हाताऱ्यात अजून शिल्लक आहे. बुद्धी आली, पण शरीरानं जुनी सवय सोडली नाही. दहा वर्षांच्या अंतरानं एकाच नटानं एकाच पात्राचं बालपण आणि वार्धक्य असं जोडून दाखवल्याचं दुसरं उदाहरण आपल्या व्यावसायिक हिंदी सिनेमात मला चटकन आठवत नाही.

ऊन हा तिन्ही भागांना जोडणारा धागा. 'जादू'ची शक्ती उन्हातून यायची. तिसऱ्या भागात रोहित सूर्यकिरणांच्या जोरावर मेलेल्या पेशी जिवंत करण्याचं यंत्र बनवत असतो. पुढे मुलाचा जीव वाचवताना तेच यंत्र, तेच ऊन त्याचा प्राण घेतं. ज्या प्रकाशानं त्याला माणूसपण दिलं त्याच प्रकाशात तो संपतो. तिसऱ्या भागानं मोजायची किंमत ती हीच. हा प्रसंग लिहिताना पहिल्या सिनेमाची आठवण कुणीतरी जपून ठेवली होती, हे जाणवतं.

आता उरलेला निम्मा भाग.

खलनायकाचं नाव काल. विवेक ओबेरॉयनं रंगवलेला हा माणूस चाकाच्या खुर्चीला खिळलेला आहे. फक्त दोन बोटं हलतात, पण मनाच्या जोरावर तो वस्तू भिरकावू शकतो. डोंगरावरच्या प्रयोगशाळेत तो माणूस आणि प्राणी यांच्या मिश्रणातून 'मानवर' घडवतो. त्यांतली रूप बदलणारी काया कंगना रनौतनं केली आहे आणि खरोखर जीव ओतून केली आहे. मानवर पाहताना 'एक्स-मेन' आठवतं, ते आठवणारच, त्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. महत्त्वाचा आहे तो कालचा धंदा. त्याची औषध कंपनी आधी विषाणू पसरवते आणि मग त्याच्यावरचा उतारा विकते. पहिला बळी आफ्रिकेतला नामिबिया, दुसरा मुंबई. मुंबईच्या रस्त्यांवर माणसं चालता चालता कोसळतात. हवेत काहीतरी आहे आणि ते कुणालाच दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकू १९८४ मध्ये भोपाळ स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत राहायच्या. नातवासोबत हा प्रसंग पाहताना त्या इतकंच म्हणाल्या, "ही माणसं पळत का नाहीयेत? आम्ही पळालो. कुठे पळायचं ते कळत नव्हतं, सगळे जिकडे पळत होते तिकडेच आम्हीही, अन् वाराही तिकडेच चालला होता." नातू सिनेमात रमलेला होता. मला मात्र पुढची पंधरा मिनिटं पडद्यावर काय चाललंय ते नीट दिसलंच नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. लोकांना आधी वाटलं, कुणीतरी मिरच्या जाळतंय. हा वायू पाण्याशी चटकन अभिक्रिया करतो. ओलं फडकं तोंडावर धरलं असतं तरी कितीतरी जीव वाचले असते, असं नंतर सांगितलं गेलं, पण त्या रात्री हे सांगणारं कुणी नव्हतं. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड पुढे गॅसपीडित ठरले. मध्य प्रदेश सरकारनं मृतांचा आकडा ३,७८७ मानला, आणि प्रत्यक्षातला आकडा याहून कितीतरी मोठा आहे असं पीडितांच्या संघटना आजही सांगतात.

'क्रिश ३' मध्ये उतारा कसा सापडतो? रोहितच्या लक्षात येतं की त्याच्या घरातल्या कुणाला रोग होत नाही. तो रक्त तपासतो, औषध बनवतो, ते हवेतून शहरभर पसरवलं जातं आणि कोसळलेली माणसं उठून बसतात. सिनेमात याला काही मिनिटं लागतात. भोपाळमध्ये उताऱ्यावरून जो झगडा झाला तो महिनोनमहिने चालला. सोडियम थायोसल्फेट हे सायनाइडच्या विषावर देतात ते इंजेक्शन. ते गॅसपीडितांना द्यायचं की नाही यावर डॉक्टरांत, सरकारी खात्यांत आणि स्वयंसेवी गटांत तट पडले. ते द्यायचं म्हणजे रक्तात सायनाइड होतं हे कबूल करायचं, आणि त्या कबुलीचं ओझं कायद्याच्या बाजूनं फार मोठं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं १९८५ च्या सुरुवातीला चाचणी घेऊन त्या इंजेक्शनच्या बाजूनं कौल दिला. तरीही ते सरसकट सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. रोगी खोकत राहिले.

इथे मला 'क्रिश ३' ची मूळ रचनाच खटकते. काल कोण, हे शेवटाकडे कळतं: दुसऱ्या भागातल्या डॉ. आर्य यांनी कैदेतल्या रोहितच्या पेशींपासून घडवलेलं मूल, म्हणजे रोहितचाच मुलगा, कृष्णाचा भाऊ. विषाणू या घराण्याच्या रक्तातून आलेला आणि उताराही याच रक्तातला. दोन भावांचं भांडण मिटलं की रोग संपला. मुंबईची लाखो माणसं या भांडणात फक्त पडायला आणि उठायला आहेत. घराची गोष्ट म्हणून हे चोख बसतं. शहराची गोष्ट म्हणून यात शहरच नाही.

दुसरी गोष्ट हेतूची. कालला माणसं मारायची आहेत, म्हणून क्रिश त्याला मारू शकतो. कार्बाइडच्या टाकी क्रमांक ६१० जवळ असा कुणी काल बसलेला नव्हता. वायू थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे अपुरी पडली. एकेक खर्च वाचवत गेलं, एकेक कुलूप उघडं राहिलं. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून 'रपट' या आपल्या साप्ताहिकात हा धोका लिहून ठेवला होता. महानायकाच्या सिनेमाला ठोसा मारायला एक चेहरा लागतो, आणि आपल्या काळातली मोठी संकटं बहुतेक वेळा चेहरा नसलेली असतात. 'द डार्क नाइट राइजेस'लाही हे जमलेलं नाही, तिथेही शेवटी बॉम्बचं बटण कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं.

हे सगळं जास्त टोचतं, कारण उत्तर 'क्रिश ३' च्या हातात होतं. सिनेमाच्या पूर्वार्धात क्रिश एका मुलाला सांगतो की दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा कुणीही क्रिशच. मग शहरभर लोक मनगटावर क्रिशचं कडं घालू लागतात. या मालिकेतली सगळ्यात मोलाची कल्पना हीच. पण काल मुंबईत उतरतो आणि ती कडी घातलेली माणसं एकदम कुठे जातात? एकही जण कुणाला उचलत नाही, पाणी देत नाही, दार ठोठावून उठवत नाही. लेखकांनी पेरलं आणि उगवण्याआधीच वर माती लोटली.

भोपाळमध्ये त्या रात्री हे घडलेलं आहे. डेप्युटी स्टेशन सुपरिंटेंडंट गुलाम दस्तगीर यांनी फलाटावरची प्रवाशांनी भरलेली गोरखपूर-मुंबई एक्सप्रेस वेळेआधी, वरच्यांच्या परवानगीची वाट न पाहता सोडून दिली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या स्थानकांना कळवलं. स्वतः ते तिथेच थांबले. २००३ मध्ये ते वारले. २०२३ ची 'द रेल्वे मेन' ही मालिका आली तेव्हा त्यांचं नाव घराघरात पोचलं. हमीदिया रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर आणि विद्यार्थी रात्रभर उभे होते, कशाचं विष आहे हे माहीत नसताना. विषारी हवेच्या शहरात क्रिश कसा दिसतो हे या प्रसंगांत स्पष्ट आहे.

इतक्या मोठ्या संकटाचीच गरज असते असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये मंत्र्यांच्या बंगल्यांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगरची जुनी क्वार्टरं पाडण्याचा प्रस्ताव आला. त्यात सुमारे २९,००० झाडांवर कुऱ्हाड येणार होती. आमच्याकडची माणसं भर उन्हात झाडांना मिठ्या मारून उभी राहिली आणि सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. नोकरीतून निवृत्त झालेली माणसं, शाळकरी मुलं, डबे भरून आणणाऱ्या बायका. 'क्रिश ३' च्या उत्तरार्धात अशी पाच मिनिटं असती तर तो वेगळाच सिनेमा झाला असता.

बाकीचं थोडक्यात. विमानाचं अडकलेलं चाक सोडवण्याचा प्रसंग आजही श्वास रोखून धरतो. रेड चिलीज व्हीएफएक्सचं काम त्या काळाच्या मानानं नेटकं आहे. राजेश रोशन यांची गाणी पहिल्या भागाच्या जवळपासही जात नाहीत आणि दर वेळी गोष्ट थांबवतात. कृष्णाच्या गरोदर बायकोला, प्रियाला, कालनं पळवून नेण्याचा धागा प्रियांका चोप्राच्या वाट्याला फार थोडं करायला ठेवतो. लहान मुलांना सिनेमा अजून आवडतो आणि त्यांच्यासोबत तो जरूर पाहावा, फक्त नंतर त्यांच्याशी बोलायला वेळ काढावा.

विषाणूनंतरची मुंबई सिनेमात कुठेच दिसत नाही. औषध पसरलं, माणसं उठली, क्रिशचा पुतळा उभा राहिला. कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा भोपाळहून पीथमपूरला हलला तो २०२५ च्या जानेवारीत, आणि जाळून संपला त्याच वर्षीच्या जूनअखेरीस. म्हणजे ४० वर्षांनी. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतली जमीन आणि भूजल अजूनही साफ झालेलं नाही.

हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार असलेल्या चौथ्या भागाची घोषणा २०२५ च्या मार्चमध्ये झाली आहे, त्यामुळे हा शेवट शेवट राहणार नाही. पुढच्या लेखांकात आपण मराठी वाचकांच्या जुन्या ओळखीच्या मुलाकडे वळू: भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेकडे, ज्याला कुठल्याही ग्रहावरून शक्ती मिळालेली नव्हती.